अफूचं कार्ड

"बघा, आता नाक गळायला लागलं. ही जात अशा वेळी आईसुद्धा विकेल."

डॉक्टर हे माझ्याशी बोलत नव्हता. शेजारी बसलेल्या पाहुण्याला सांगत होता. ते दोघं व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर, मी खाली पायरीवर. त्यानं हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि तिच्या टोकानं माझी हनुवटी वर उचलली. पाहुण्याला माझं नाक नीट दिसावं म्हणून. हात लावला नाही. हात खराब झाला असता.

पाहुणा वकील होता. त्यानं वाकून पाहिलं आणि "अरेरे" म्हणाला. एखाद्या घराची भिंत खचलेली बघून म्हणावं तसं.

माझी आई मालवणजवळच्या एका गावात दुसऱ्याच्या शेतात भात लावता लावता वारली. विकण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं, तिच्याकडेही नाही. हे मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. नाकसुद्धा पुसलं नाही. पुसलं असतं तर पुरावा गेला असता, आणि मला त्या पुराव्यावर दाखला हवा होता.

दाखल्याचं सांगतो, म्हणजे कळेल. त्या काळी आमच्यासारख्या अफू खाणाऱ्यांना सरकारी कार्ड मिळायचं. कार्ड दाखवलं की ठरलेल्या दुकानात ठरलेली अफू मिळे. पण कार्ड चालू राहायला सहा-सहा महिन्यांनी डॉक्टरचा दाखला लागे, की हा माणूस खरोखर व्यसनी आहे, याला दिली नाही तर चालणार नाही. दर दाखल्याला थोडी थोडी कमी करत न्यायची, असा बेत होता. बेत वाईट नव्हता. तो कुणाच्या हातात दिला, तिथं घोटाळा होता.

घाटकोपरला आमच्या बाजूला तो ह्या डॉक्टरच्या हातात होता. नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्याचा मान वाढेल. खादीचे कडक कपडे, कपाळ मोठं, आवाज गोड. शाळेच्या मैदानावर दारूबंदीवर भाषणं करायचा. खरा व्यसनी कोण आणि सोंग करणारा कोण हे ओळखायची त्यानं स्वतःची पद्धत काढली होती. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी न घेता यायचं आणि त्याच्या पायरीवर बसून राहायचं. अंगातली अफू उतरली की माणसाला जांभया सुटतात, नाकाडोळ्यांतून पाणी येतं, भर उन्हात अंगावर काटा येतो, पोटात कळा उठतात. हे सगळं त्याला दिसलं की दाखला. तोवर बसा. समोर रस्ता. ऑफिसला जाणारे, भाजी आणायला निघालेल्या बाया, सगळे बघत जायचे.

आम्हीही कमी नव्हतो. लवकर सुटका व्हावी म्हणून आम्ही आदल्या दिवसापासूनच गोळी बंद ठेवायचो. म्हणजे सकाळी पायरीवर टेकलो की तासाभरात नाक गळायला लागावं आणि जावं घरी. आपलीच परीक्षा सोपी व्हावी म्हणून आम्ही आपलेच हाल वाढवून न्यायचो, आणि एकमेकांना ती युक्ती म्हणून शिकवायचो. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा हुशारी वाटायची.

आणि व्हरांड्याच्या आत काय चालायचं तेही सांगतो. दारूबंदी असली तरी प्रकृतीसाठी दारूचं परमिट मिळायचं. त्यालाही डॉक्टरचाच दाखला. वकील त्यासाठीच आला होता. त्याला झोप येत नव्हती. मलाही झोप येत नव्हती. त्याला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि "विश्रांती घेत जा हो" असा सल्ला मिळाला. त्याची झोप हा आजार होता. माझी झोप ही माझी लायकी होती. त्याला कुणी पायरीवर बसवून हात थरथरतात का ते पाहिलं नाही.

अफू मला कुणी लाडानं शिकवली नव्हती. परळच्या एका गिरणीत होतो. पट्ट्यात हात ओढला गेला आणि डावा खांदा निखळला. बसवला, पण नीट बसला नाही. जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, तपकिरी गोळी हातावर ठेवली. "घे, आणि पाळी भर," म्हणाला. गोळी घेतली, पाळी भरली. दुखायचं थांबलं की माणूस काम करतो, काम केलं की परत दुखतं. तीन वर्षांनी गिरणीला मी नको झालो, पण अफूला हवाच होतो. मग बायकोला घेऊन घाटकोपरच्या टेकडीवर आलो. साकीनाक्याला खिळे करायच्या एका लहान कारखान्यात राखणदाराचं काम मिळालं. एकच हात धड चालणाऱ्या माणसाला तेवढंच जमत होतं.

त्या दिवशी पायरीवर माझ्या शेजारी धर्मादादा बसला होता. माहुलचा कोळी. साठीचा. समुद्रावरच्या गारठ्यात त्याचा बापही गोळी घ्यायचा आणि तोही. बायको वारली होती, पोर नव्हतं. माहुलला तेलाच्या टाक्या उभ्या राहत होत्या, खाडीवर रोज नवी माणसं दिसत होती. धर्मादादा त्यांच्याबद्दल काही बोलायचा नाही. तो कशाबद्दलच फार बोलायचा नाही. मागच्या दोन तपासण्यांना आमची ओळख झाली होती. लवकर सुटका व्हावी म्हणून आदल्या दिवसापासून गोळी बंद ठेवायची, ही युक्ती त्याला मीच सांगितली होती.

म्हाताऱ्यानं ती जरा जास्तच मनावर घेतली. एक दिवस नाही, दोन दिवस त्यानं काही घेतलं नव्हतं. त्याचे ओठ निळसर झाले होते आणि गुडघे एकमेकांवर आपटत होते.

डॉक्टरनं माझी हनुवटी सोडली आणि त्याच्याकडे वळला. "कधीपासून घेतली नाही?"

"दोन दिस झाले, दाक्तर."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. डॉक्टर वकिलाकडे बघून हसला. "पाहिलंत? दोन दिवस राहिला. काही झालं का? जिवंत आहे की." मग कंपाउंडरला आत हाक मारून सांगितलं, "याची निम्मी करा."

निम्मी. दर वेळी गुंजभर कमी व्हायची. ह्या वेळी एकदम निम्मी.

धर्मादादा पायरीवरून उठला. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, नेमक्या दुखऱ्या. हात जोडले. "दाक्तर, येवरी कमी करू नका. अंगाचा मी बघंन. पन डोक्यान नुस्ता काळोख हाय. मना जीव द्यावासा वाटतंय."

एवढं सरळ वाक्य मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्या मनात ते रोज होतं. अफू कमी झाली की अंग दुखतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्याला औषधपाणी विचारता येतं. मन असं बसतं की उठून पाणी प्यायचंसुद्धा कारण सापडत नाही, हे कुणी धरत नाही. आणि बोलायची चोरी. जीव द्यायला गेलेला माणूस वाचला तर त्याच्यावर खटला होतो, हे आम्हाला माहीत होतं. तरी म्हातारा बोलला. भर रस्त्यासमोर.

डॉक्टर म्हणाला, "अफिमी मरत नाही रे. मरायला हिंमत लागते."

वकील हसला. कंपाउंडर हसला.

मीही हसलो.

ह्यात कुठं पांघरूण घालत नाही. माझा दाखला अजून लिहायचा होता. डॉक्टर हसला तर हसावं, त्याला बरं वाटेल, माझी कमी करणार नाही. असा हिशेब नाक गळत असतानाही माझ्या डोक्यात झाला. धर्मादादानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हा कोण, असं पाहिलं. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि चालायला लागला. मला दाखला मिळाला, नेहमीसारखा गुंजभर कमी करून. मी खूश होऊन घरी गेलो.

आठव्या दिवशी कळलं. धर्मादादा भरतीच्या वेळी खाडीत उतरला होता. ओहोटीला त्याच्याच लोकांना सापडला.

माहुलला लोक बोलायला लागले की म्हाताऱ्यानं डॉक्टरला आधी सांगितलं होतं. ते बोलणं घाटकोपरपर्यंत आलं. डॉक्टरला कुठल्याशा दारूबंदी समितीवर घ्यायचं चाललं होतं, असं नंतर कळलं. नंतरच्या आठवड्यात कंपाउंडर टेकडी चढून आमच्या झोपडीपर्यंत आला. "साहेबांनी बोलावलंय. संध्याकाळी. आणि गोळी घेऊन ये म्हणालेत, उपाशी येऊ नको."

गोळी घेऊन ये. इतकी माया मला गिरणीतही कुणी दाखवली नव्हती.

त्या दिवशी पहिल्यांदा मी व्हरांडा ओलांडून आत गेलो. पहिल्यांदा खुर्ची मिळाली. डॉक्टरच्या टेबलावर एक पेला होता, त्यात सोडा आणि दुसरंही काहीतरी. त्यानं तो लपवला नाही. त्याच्याकडे परमिट असणार. दिवसभर नशाबंदी सांगून घसा सुकत असेल.

"तू शिकलेला आहेस ना?" त्यानं विचारलं.

"चौथीपर्यंत."

"सही येते?"

"येते."

त्यानं पोलिसांत द्यायच्या जबाबाचा कागद पुढं सरकवला. मी सावकाश वाचला. लिहिलं होतं की मयत धर्मा हा तपासणीच्या दिवशी जास्त अफू खाऊन नशेत आला होता. त्याला धड उभं राहवत नव्हतं. जीव देण्याबद्दल तो काही बोलला नाही. अशा इसमाचा तोल जाऊन तो खाडीत पडणं शक्य आहे. खाली माझं नाव, समक्ष हजर असलेला इसम म्हणून.

दोन दिवस गोळीवाचून काढलेला माणूस नशेत होता. चाळीस वर्षं होडीत उभं राहून जाळं फेकलेला माणूस तोल जाऊन पडला. हे लिहिणारा माणूस डॉक्टर होता, आणि त्याचं अक्षर फार सुंदर होतं.

"तुझं कार्ड मी पूर्वीसारखं करून देतो," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी होती तेवढी. दोन वर्षं तपासणीला यायची गरज नाही. घरी बसून दाखला मिळेल."

हे ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि ते फक्त अफूचं नव्हतं. पायरीवर बसायला नको, रस्त्यानं कुणी बघायला नको, दोन वर्षं कुणी हनुवटी उचलायला नको. मी लेखणी उचलली. टोक कागदावर टेकवलं. शाईचा एक ठिपकाही पडला.

मी सही करणार आहे हे डॉक्टरला दिसलं. मग त्याला मोकळं वाटलं असावं, कारण तो सैल बोलायला लागला. "मनाला लावून घेऊ नकोस. तुम्हा लोकांचं हे असंच असतं. आज तो गेला, उद्या तू जाशील. कागद तेवढे नीट राहावेत."

तो हे वाईटपणानं बोलला नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. आणि तेव्हा मला कागद पुन्हा दिसला. धर्माच्या जागी माझं नाव घातलं तरी त्यातला एक शब्द बदलावा लागणार नव्हता. जास्त अफू खाऊन आला होता. तोल गेला. मी अजून खुर्चीत बसलो होतो आणि माझ्या मरणाचा मजकूर तयार होता. त्यावर सही करायला ते असाच कुणीतरी शोधणार होते, नाक गळणारा, दोन वर्षांच्या सवलतीवर राजी होणारा. बहुतेक हसणाराही.

मी लेखणी खाली ठेवली.

"त्यानं तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणालो. "जीव द्यावासा वाटतो म्हणाला. तुम्ही हसलात. मी पण हसलो. तेवढं लिहा. मग सही करतो."

धाडस वगैरे काही नव्हतं. डॉक्टरचं कपाळ मात्र पहिल्यांदा लाल झालेलं पाहिलं. तो ओरडला नाही. ही माणसं ओरडत नाहीत, त्यासाठी त्यांनी कंपाउंडर ठेवलेला असतो. त्यानं ड्रॉवरमधून माझ्या चालू दाखल्याची नक्कल काढली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "उपचाराची गरज नाही. जा. बघू किती दिवस राहतोस."

किती दिवस राहतोस. म्हणजे मरशील हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पायरीवर एक बोलायचं, खोलीत दुसरं. मूर्ख असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो मूर्ख नव्हता.

घरी आलो. बायको चुलीपुढं बसली होती. तिला सगळं सांगितलं, हसलो होतो तेही. तिनं भाकरी तव्यावरून काढली आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तुमका जीव देवचो आसा काय?"

कुणी असं विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "रोज मनात येता."

ती रडली नाही. देवाचं नाव घेतलं नाही. "बरा झाला सांगितल्यात," म्हणाली. "आता मी ह्या दारात बसतंय. जावचा आसात तर माका सांगून, माका ओलांडून जावा. गुपचूप जावचा नाय."

चौथीही न शिकलेली बाई. डॉक्टरला जे विचारायला सुचलं नाही ते तिनं भाकरी करता करता विचारलं. तिच्याकडे दाखला नव्हता, खुर्ची नव्हती. तिनं फक्त उत्तर ऐकून घेतलं आणि दारात बसली. बारा-तेरा दिवस ती खरोखरच तिथं बसून निवडणं-टिपणं करत होती. मी आत लोळत होतो, शिव्या देत होतो, तिलाही दिल्या. दोनदा उठून दारापर्यंत गेलो. ती हलली नाही. ओलांडायला पाय उचलला गेला नाही.

चालता यायला लागल्यावर मी पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू अफिमी ना? तुझी साक्ष काय धरायची?"

"अफिमी आहे म्हणूनच तिथं होतो," मी म्हणालो. "तुम्ही नव्हता."

त्यानं हाकललं. दुसऱ्या दिवशी परत गेलो, परत हाकललं. तिसऱ्या दिवशी बायको बरोबर आली आणि चौकीच्या दारात फतकल मारून बसली. शेवटी त्यानं वैतागून चार ओळी लिहून घेतल्या. धर्मा काय म्हणाला ते. डॉक्टर काय म्हणाला ते. मी हसलो ते मी मुद्दाम लिहायला लावलं. त्याला ते वेडगळपणाचं वाटलं. पण तेवढं एक वाक्य माझ्या पदरचं होतं, ते वगळून बाकीचं खरं कसं म्हणू.

काय झालं विचाराल तर काही झालं नाही. सहीला दुसरा कुणीतरी मिळाला असणार. कागदावर म्हातारा नशेत तोल जाऊन पडला आणि कागद बंद झाला. डॉक्टर समितीवर गेला. शाळेच्या मैदानावरचं त्याचं भाषण मी उभं राहून ऐकलं. व्यसन माणसाला पशू बनवतं, असं तो गोड आवाजात सांगत होता. पुढच्या रांगेत तो वकील बसला होता, टाळ्या वाजवत होता. हात अजिबात थरथरत नव्हते.

अफू सुटली का, हेही लोक विचारतात. अंग पंधरवड्यात सावरलं. मन नाही. वर्षभरात दोनदा चोरून आणली आणि खाल्ली. बायकोला सांगून खाल्ली. कुणाला मी सुधारल्याची गोष्ट ऐकायची असेल तर त्यानं डॉक्टरच्या भाषणाला जावं, तिथं अशा गोष्टी मिळतात.

तो काळोख अजून येतो. साकीनाक्याहून चालत येताना, दुपारी जेवताना, कधीही. पूर्वी आला की मी गप्प बसायचो. आता आला की मोठ्यानं सांगतो, बायकोला, कारखान्यातल्या सोबत्याला, रस्त्यात ओळखीचा भेटला तर त्यालाही. लोक वळून बघतात. बघू देत. कुणी दुसरा मला असं सांगायला लागला तर मी हातातलं काम टाकतो आणि ऐकतो. तो अफू खातो, गांजा ओढतो की चोरून हातभट्टीची पितो, हे आधी विचारत नाही.

आणि डॉक्टरला, वकिलाला, त्यांच्या सगळ्या खुर्च्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मी नशा करीन किंवा करणार नाही, ते माझं मी बघेन. पण तुमच्या सुंदर अक्षरातला तो मजकूर माझ्या नावावर चढणार नाही. तुम्हाला नीट कागद हवाय म्हणून मी मरणार नाही.